माँट्रियल १९७६ : एका अपुऱ्या निकालपत्रकाविषयी

१/ १९ जुलै १९७६. माँट्रियल ऑलिम्पिक, महिलांची १०० मीटर फ्रीस्टाइल, अंतिम फेरी. पहिली कोर्नेलिया एंडर, पूर्व जर्मनी, ५५.६५ सेकंद, विश्वविक्रम. दुसरी पेट्रा प्रीमर, पूर्व जर्मनी, ५६.४९. तिसरी एनिथ ब्रिगिथा, नेदरलँड्स, ५६.६५. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या दप्तरी आजही एवढेच आहे. त्याला एका ओळीची टीपही नसणे, हा इतिहासावरचा अन्याय आहे. (थ्रेड)

२/ या विषयावर ठरलेले उत्तर मिळते : झाले गेले गंगेला मिळाले, पन्नास वर्षांपूर्वीची मढी उकरून काय साधणार? पण ज्यांचे काही गेले नाही, त्यांनाच गंगा इतक्या सहज आठवते. या निकालात कोणाचे काय गेले, ते आधी पाहावे लागते.

३/ १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये पूर्व जर्मनीच्या महिला जलतरणपटूंना एकही सुवर्णपदक नव्हते. तेरा वर्षांच्या एंडरला तीन रौप्यपदके मिळाली होती. चारच वर्षांनी माँट्रियलमध्ये या देशाच्या मुलींनी १३ पैकी ११ सुवर्णपदके जिंकली. एकट्या एंडरची चार. देशाची लोकसंख्या मात्र पावणेदोन कोटींहूनही कमी.

४/ उत्तम प्रशिक्षण, लहान वयातच हुशार मुले हेरणारी क्रीडाशाळांची व्यवस्था, शिस्त ही कारणे तेव्हा दिली गेली. ती खोटी नव्हती. पण त्याच देशाच्या पुरुषांना, त्याच व्यवस्थेतून येऊन, त्याच तलावात एकही सुवर्ण मिळाले नाही. शिस्त केवळ मुलींनाच लाभली होती काय?

५/ खरे कारण कागदोपत्री होते, पण कुलूपबंद. १९७४ साली पूर्व जर्मन सत्तेने 'राज्य योजना विषय १४.२५' या नावाने उत्तेजक द्रव्यांचा कार्यक्रम अधिकृतपणे हाती घेतला. त्याचे मुख्य साधन ओरल-टुरिनाबोल, म्हणजे पुरुषी संप्रेरकासारखे काम करणारे औषध. किशोरवयीन मुलींना त्या निळ्या गोळ्या जीवनसत्त्वे म्हणून दिल्या जात.

६/ स्त्रीच्या शरीरात हे संप्रेरक मुळात अत्यल्प असते. म्हणून बाहेरून दिलेल्या मात्रेचा परिणाम तिच्यावर पुरुषापेक्षा कितीतरी अधिक होतो. पदके महिलांच्याच स्पर्धांत का साचली, याचे उत्तर येथे आहे. किंमतही त्याच शरीरांनी मोजली : घोगरे झालेले आवाज, यकृताचे विकार, मासिक पाळी व गर्भारपणातील गुंतागुंत.

७/ हे उघड बोलणारी एक जण तलावाकाठीच होती. अमेरिकेची एकोणीस वर्षांची शर्ली बाबाशॉफ. तिने पूर्व जर्मन मुलींच्या भारदस्त स्नायूंवर आणि जाड आवाजांवर बोट ठेवले. तिच्याच देशाच्या वृत्तपत्रांनी तिला 'सर्ली शर्ली', म्हणजे तुसडी शर्ली, हे नाव बहाल केले. प्रश्न विचारणारी खिलाडूवृत्तीला पारखी ठरली.

८/ १०० मीटरमध्ये ती पाचवी आली. २००, ४००, ८०० मीटर फ्रीस्टाइल आणि मेडले रिले या चारही स्पर्धांत तिला रौप्य मिळाले. चारही वेळा पुढे पूर्व जर्मनी.

९/ येथे एक आक्षेप हमखास येतो : शेवटच्या दिवशी ४×१०० मीटर फ्रीस्टाइल रिलेत अमेरिकेने पूर्व जर्मनीला हरवले ना? हरवले. पेटन, बोग्लिओली, स्टर्केल आणि बाबाशॉफ यांनी ३:४४.८२चा विश्वविक्रम केला. पूर्व जर्मनीला ३:४५.५० लागले. पण चोर एकदा पकडला गेला म्हणून आधीच्या चोऱ्या माफ होत नाहीत. जिंकायला विश्वविक्रमच करावा लागला, यातच सारे आले.

१०/ बाबाशॉफचे नाव निदान घेतले जाते. ब्रिगिथाचे तेही नाही. १९५५ साली क्युरासाओ बेटावर जन्मलेली ही मुलगी ऑलिम्पिक जलतरणात पदक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय महिला. १०० मीटरच्या त्या शर्यतीत तिच्या पुढे दोघीच होत्या आणि दोघीही पूर्व जर्मनीच्या.

११/ जलतरणात वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय महिला म्हणून इतिहासात नाव आहे अमेरिकेच्या सिमोन मॅन्युएलचे. स्पर्धा तीच, १०० मीटर फ्रीस्टाइल. साल २०१६. मधली चाळीस वर्षे काळ्या मुलींनी 'आमच्यासारखी कोणी जिंकली का' असे विचारले असते, तर पत्रक काय सांगणार होते?

१२/ 'चाचणीत कोणीही दोषी आढळले नाही' हा दुसरा बचाव. चाचणी हा एक पुरावा आहे, एकमेव नव्हे. बर्लिनची भिंत पडल्यावर ब्रिगिटे बेरेंडोंक या माजी थाळीफेकपटू आणि त्यांचे पती, जीवशास्त्रज्ञ व्हेर्नर फ्रांके यांनी गोपनीय कागदपत्रे मिळवून प्रसिद्ध केली. जुलै २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मानफ्रेड होप्नर यांना दोषी ठरवले. शिक्षा मात्र स्थगित.

१३/ १९९८ साली अमेरिका व ब्रिटनच्या ऑलिम्पिक समित्यांनी निकालांच्या फेरविचाराची मागणी केली. ती फेटाळली गेली. फार काळ लोटला, हे त्यामागचे नेहमीचे कारण. मग जिम थॉर्पचे काय? १९१२ची त्याची पदके हरकतीची मुदत उलटून गेल्यावर हिसकावली गेली. पुढे १९८२ मध्ये त्याला संयुक्त विजेतेपद परत मिळाले आणि २०२२ मध्ये एकट्याचे. एकशेदहा वर्षांनंतर लेखणी चालते. ती नेमकी माँट्रियलपाशीच का अडते?

१४/ एका शर्यतीला दोन सुवर्णपदके कशी द्यावीत, हा प्रश्नही निकालात निघालेला आहे. याच १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये १९८४ आणि २०१६ साली समान वेळेमुळे दोन-दोन विजेत्या ठरल्या. बार्सिलोना १९९२च्या तालबद्ध जलतरणात गुणनोंदणीतील चूक मान्य करून कॅनडाच्या सिल्वी फ्रेशेटला पुढच्या वर्षी सुवर्ण दिले गेले. पहिल्या विजेतीचे पदक तिच्याकडेच राहिले.

१५/ सर्वांत प्रामाणिक आक्षेप वेगळाच आहे : एंडर स्वतः बळी नव्हती का? होती. आपल्याला इंजेक्शने दिली जात आणि ती शरीर लवकर सावरण्यासाठी आहेत असे सांगितले जाई, हे तिने पुढे जाहीरपणे सांगितले. माँट्रियलला ती सतरा वर्षांची होती. म्हणूनच पदके ओरबाडण्याची मागणी चुकीची आहे. परंतु टीप नसलेले पत्रक तिलाही न्याय देत नाही. तिच्या शरीरावर राज्यसत्तेने काय केले, ते लपवून ते तिला विजेती म्हणून मिरवते.

१६/ २००५ साली बाबाशॉफला 'ऑलिम्पिक ऑर्डर' हा सन्मान मिळाला. सन्मान देणे स्वस्त असते. त्यात कोणाची चूक कबूल करावी लागत नाही. मागणी साधी आहे. एंडर आणि प्रीमरची नावे जागेवर राहू द्यावीत, खाली राज्य योजना १४.२५ची टीप द्यावी आणि ब्रिगिथाला दुसरे सुवर्णपदक द्यावे. हाच नियम, पुराव्याच्या याच कसोटीवर, इतर स्पर्धांना आणि इतर देशांनाही लागू व्हावा.

१७/ स्वच्छ शर्यत झाली असती तर ब्रिगिथाच जिंकली असती, असे कोणताही इतिहासकार छातीठोकपणे म्हणणार नाही. ती शर्यत झालीच नाही. ती पोहण्याचा हक्क आठपैकी प्रत्येकीचा होता, आणि तो हिरावला गेला एवढे तरी पत्रकात लिहिलेच पाहिजे.