खुंट आळशाचे की कष्टकऱ्याचे?

बारामती-इंदापूर भागातील आमच्या ख्रिस्ती घरांत शनिवारच्या संध्याकाळला एक वेगळाच मान आहे. दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेसाठी मुलांचे कपडे इस्त्री होतात, आई मुलींच्या वेण्या घालते आणि घरचा कर्ता पुरुष भिंतीवरच्या आरशासमोर दाढीला बसतो. तांब्यात कोमट पाणी, वाटीत साबण, केस झडू लागलेला ब्रश, तुरटीचा खडा आणि पोलादी सेफ्टी रेझर, एवढेच ते सामान. जवळ रेंगाळणाऱ्या पोराच्या नाकावर बाप फेसाचे बोट टेकवतो आणि घरभर हसू पसरते. आठवड्यातून एकदा होणारी ही दाढी म्हणजे केवळ टापटीप नव्हे. सहा दिवसांचे कष्ट बाजूला ठेवून सातव्या दिवसाला सामोरे जाण्याची ती तयारी आहे.

गेलेल्या दिवसांची हळहळ व्यक्त करावी म्हणून आम्ही हे चित्र रंगवीत नाही. या चित्राचा अपमान झालेला आहे, आणि तो आमच्याच घरातल्या पडद्यावरून झालेला आहे, म्हणून आम्ही लेखणी उचलली आहे.

२००९ साली जिलेट कंपनीने आपल्या देशात एक मोहीम चालवली. 'वूमेन अगेन्स्ट लेझी स्टबल', म्हणजे 'आळशी खुंटांविरुद्ध स्त्रिया' हे तिचे नाव. दाढी न केलेल्या पुरुषांना स्त्रियांनी नाकारावे, असा तिचा रोख होता. चित्रपटसृष्टीतील परिचित चेहरे तिच्यासाठी पुढे आले, वृत्तपत्रांनी तिच्या बातम्या छापल्या, वाहिन्यांनी त्यावर चर्चा घडवल्या. विकायची होती तीन पात्यांची महाग रेझर. पण तिच्या जोडीला या देशातील पुरुषांना फुकट वाटले गेले ते एक विशेषण : आळशी.

आम्ही विचारतो, आळशी कोण? शेतीपंपाला रात्रीची वीज आली म्हणजे कडाक्याच्या थंडीत नीरा कालव्याखालच्या उसाला दारे धरणारा? उजनीच्या फुगवट्यावर भिगवणच्या बाजूला अंधारात जाळी टाकून पहाटे बाजार गाठणारा? गळीत हंगामात साखर कारखान्याची रात्रपाळी संपवून डोळे चोळत घरी येणारा? की बीडकडून बैलगाडीवर संसार लादून आलेला आणि दिवस उजाडण्यापूर्वी फडात शिरलेला ऊसतोड कामगार? यांच्या गालांवर चार दिवसांचे खुंट असतात हे खरे. परंतु ते आळसाचे नसतात, वेळ न मिळाल्याचे असतात. ज्याला रोज सकाळी नळाखाली गरम पाणी आणि आरशापुढे निवांत पंधरा मिनिटे मिळतात, त्याने या माणसाला आळशी म्हणावे, याहून उफराटा न्याय तो कोणता?

यात आणखी एक गंमत आहे. मोहीम सुरू झाल्यावर पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१० मध्ये, त्याच कंपनीने भारतात 'गार्ड' नावाची रेझर आणली. रेझर १५ रुपयांची, पाते ५ रुपयांचे, आणि पाते किती? तर एकच! त्यामागची हकीकत कंपनीच्याच माणसांनी जाहीरपणे सांगितलेली आहे. यापूर्वी भारतासाठी म्हणून जी रेझर त्यांनी बनवली होती, तिची परीक्षा अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली गेली. ते विद्यार्थी वाहत्या नळाखाली दाढी करीत. इकडे आमचा माणूस वाटीभर पाण्यात रेझर बुचकळून दाढी करतो. त्या वाटीत फेस आणि केस धुऊन निघेनात, पाती तुंबली. मग कंपनीचे लोक भारतातल्या घराघरांत येऊन बसले, जमिनीवर बसून, मिणमिणत्या उजेडात, छोट्या आरशात पाहून माणसे दाढी कशी करतात हे त्यांनी तासन्‌तास न्याहाळले. त्यातून चार भागांची, चटकन धुतली जाणारी, एकाच पात्याची रेझर जन्माला आली.

या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. यंत्र बनवणारा आमच्या माणसासमोर बसला, तेव्हा त्याला कमी पाणी, कमी उजेड आणि कमी पैसा दिसला. जाहिरात बनवणारा शहरातल्या कचेरीत बसला, तेव्हा त्याला आळस दिसला. एकाने पाहिले आणि दुसऱ्याने ठरवले. आमचा सारा आक्षेप या न पाहता ठरवण्यावर आहे.

पहिल्या अपमानाला लागूनच दुसरे असत्य येते. जुनी पोलादी रेझर म्हणजे धोका, रक्त आणि मागासलेपण, असे तरुणांच्या मनावर वर्षानुवर्षे बिंबवले गेले. वस्तुतः ही रेझर वस्तऱ्याच्या धोक्यातून सोडवणूक करण्यासाठीच निघाली. किंग कॅम्प जिलेट यांनी १९०३ मध्ये ती विकायला काढली, तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ पाती एवढाच खप झाला. १९०४ मध्ये त्यांना तिचे अमेरिकी पेटंट मिळाले, आणि पुढे साऱ्या जगाने ती उचलली. तिची रचना शाळकरी मुलालाही समजेल अशी आहे. पातळ, दुधारी पाते वरची टोपी आणि खालची पट्टी यांच्यामध्ये दाबून धरले जाते, धारेची जेमतेम कड बाहेर राहते, त्यामुळे ती त्वचेत खोल शिरू शकत नाही. १९६०च्या दशकात गंज न चढणारे पोलाद आणि धारेवरचा गुळगुळीत लेप आला, आणि एकेक पाते अधिक दिवस टिकू लागले. पत्र्याच्या डबीतली पाती काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूवर घासून आणखी दोन दाढ्या काढणारे वडील आमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील.

मग पात्यांची संख्या का वाढत गेली? १९७१ मध्ये दोन, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच. गाल तेवढेच राहिले, केसही तेच राहिले. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिले पाते केस किंचित ओढून धरते आणि मागचे पाते तो त्वचेच्या पातळीखाली कापते. हात फिरवल्यास गाल गुळगुळीत लागतो यात शंका नाही. परंतु ज्यांचे केस राठ आणि कुरळे आहेत, त्यांच्या त्वचेत तोच केस आतल्या आत वळतो आणि पुटकुळ्या उठतात. अशा माणसाला त्वचारोगतज्ज्ञ बहुधा एका पात्याकडेच वळायला सांगतात. पडद्यावरील तरुणाच्या गालावर मात्र पुटकुळी कधी उठत नाही. दाढी होताच त्याला नोकरी मिळते आणि त्याच्या गालावर कुणीतरी हात फिरवते.

खर्चाचेही पाहू. साधे दुधारी पाते आजही दोन-चार रुपयांत मिळते, तर कित्येक पात्यांच्या एका डोक्याला शंभरावर रुपये पडतात. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पहिला पगार घेणारा आमचा मुलगा मुलाखतीला जाताना ते महाग डोके घेतो, कारण त्याशिवाय आपण 'व्यवस्थित' दिसणार नाही, अशी भीती त्याच्या मनात घातलेली असते. आमची तक्रार त्या शंभर रुपयांबद्दल कमी आणि या भीतीबद्दल अधिक आहे.

आता तिसरा अंक पाहा. जी पोलादी रेझर कालपर्यंत मागासलेली होती, तीच आता शहरी पुरवण्यांत 'परंपरा' म्हणून झळकू लागली आहे. परदेशी ब्रश, चंदनी साबण, लाकडी पेटी, आणि किंमत हजारांत! इंदापूरच्या बाजारात टपरीवर जे सामान आजोबांनी घेतले, तेच नातवाने चैनीची वस्तू म्हणून मागवावे, असा हा व्यवहार. दुसरीकडे चित्रपटांतील नायकांनी दाढ्या वाढवल्या, आणि 'आळशी' म्हणून हिणवलेले खुंट एकाएकी मर्दानी ठरले. त्यांच्यासाठी तेलेही निघाली. दाढी कमी वेळा करण्याच्या या जगभरच्या चालीचा फटका कंपनीलाही बसला. २०१९ मध्ये जिलेटच्या मालक कंपनीने या व्यवसायाची हिशेबातील किंमत ८ अब्ज डॉलरनी कमी केली. यावरून दिसते एवढेच की, गालाविषयीचे हे नीतिपाठ नीतीतून आलेले नव्हते. जे विकायचे असेल त्याप्रमाणे सद्गुण बदलत गेले.

आणि ज्याच्या हातात खरोखर ही कला आहे त्या नाभिक बांधवाचे काय? पूर्वी तो धोकटी घेऊन दारोदार येई आणि सुगीला बलुते घेई. पडद्याने त्याला बहुतेकदा बडबड्या विदूषक केले. जून २०२०च्या अखेरीस, टाळेबंदीनंतर महाराष्ट्रात सलून उघडली तेव्हा केस कापण्यास परवानगी मिळाली, दाढीला नाही. तोवरचे तीन महिने या माणसाच्या घरात चूल कशी पेटली, हे किती वाहिन्यांनी दाखवले? कोल्हापूर जिल्ह्यातील हासूरसासगिरी गावच्या शांताबाई यादव यांनी पतीच्या निधनानंतर मुलींना जगवण्यासाठी त्याचा वस्तरा हाती घेतला आणि गावची टीका सोसून पुरुषांच्या दाढ्या केल्या. ही १९८०च्या दशकातील गोष्ट. प्रसारमाध्यमांचा कॅमेरा त्यांच्यापर्यंत पोहोचायला कित्येक वर्षे जावी लागली. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की, उत्तर प्रदेशातील बनवारी टोला गावात वडिलांचे सलून चालवणाऱ्या दोन बहिणींची कथा २०१९ मध्ये जिलेटच्याच एका जाहिरातीने देशाला सांगितली. म्हणजे पाहायचे ठरवले तर जाहिरातवाल्यांनाही दिसते!

आम्हां कॅथलिकांना तर हा व्यवसाय हलका मानण्याचा अधिकारच नाही. लिमा शहरातील संत मार्टिन डी पोरेस (१५७९–१६३९) यांनी लहानपणी न्हाव्याचेच काम शिकून घेतले होते. मठात त्यांनी बांधवांची हजामत केली आणि रोग्यांची शुश्रूषाही केली. १९६२ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना संतपद घोषित केले. ते न्हाव्यांचे आश्रयदाते संत मानले जातात.

कुणी म्हणेल, जाहिरात ती जाहिरात. एवढे मनावर का घ्यावे? आम्ही म्हणतो, मोठी माणसे मनावर घेत नसतील, मुले घेतात. ज्या मुलाने पडद्यावर 'आळशी खुंट' पाहिले, तो फडातून आलेल्या आपल्याच बापाच्या गालाकडे कोणत्या नजरेने पाहील? दुसरा कुणी म्हणेल, तुम्हांला नवे नकोच आहे. तसेही नाही. ज्या वृद्धाचा हात थरथरतो, त्याने फिरत्या डोक्याची रेझर किंवा विजेचे यंत्र खुशाल वापरावे. पोलादी रेझर घाईच्या हाताला कापते, हेही आम्ही लपवीत नाही. तिला शिकावे लागते : दाढी पाण्याने नीट भिजवणे, रेझर न दाबता तिच्या वजनाने चालू देणे, आधी केसांच्या दिशेनेच हात फिरवणे. पण हे बाप मुलाला शिकवू शकतो. जाहिरात ते शिकवीत नाही.

म्हणून वाचकहो, आमचे मागणे साधे आहे. पडद्यावर कुणाच्या गालावरून त्याची किंमत होऊ लागली, तर मुलांसमोर मोठ्याने म्हणा की हे खोटे आहे. सोळा वर्षांच्या मुलाला शनिवारी शेजारी बसवून रेझर धरायला शिकवा. सलूनमध्ये गेलात तर नवे पाते लावण्याचा आग्रह धरा, कारण जुन्या पात्यावरून रक्तातले रोग पसरू शकतात. आणि त्या पात्याचे, त्या हाताचे योग्य दाम न कुरकुरता द्या. वापरलेले पाते कचऱ्यात उघडे टाकू नका. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवा. आपला कचरा उघड्या हातांनी वेचणाऱ्या बाईच्या बोटांनाही धार लागते.

आणि रविवारी मिस्सेला शेजारच्या बाकावर खुंट वाढलेला कुणी येऊन बसला, तर त्याला सरकून जागा द्या. रात्रभर तो उसाला दारे धरून आला असेल.