१९३२ पूर्वीचे स्टोक्स

हिमाचल प्रदेशातील कोटगढ-ठाणेदार परिसरात सफरचंदाच्या बागा पाहावयास गेलेल्या प्रवाशाला सत्यानंद स्टोक्स हे नाव हमखास ऐकविले जाते. अमेरिकेतून आलेला एक ख्रिस्ती तरुण; त्याने १९१६ साली मिसुरी राज्यातील स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेकडून रेड डेलिशियस जातीची रोपे आणविली, डोंगराळ मुलखाचे नशीब पालटले आणि १९३२ साली पत्नीसह हिंदू धर्म स्वीकारला. कथा एवढीच. हिंदू श्रोत्यांसमोर ती सांगितली जाते तेव्हा साहजिकच भर शेवटच्या वाक्यावर असतो. ते वाक्य टाळ्या घेते आणि वक्ता खाली बसतो.

मात्र या कथनात अठ्ठावीस वर्षे गिळली जातात. १९३२ साली जे घडले त्याची मुळे त्या वर्षांत आहेत. सेवाकार्यासाठी घर सोडणाऱ्या आजच्या तरुणाला खरोखर उपयोगी पडावे असे जे काही स्टोक्स यांच्या चरित्रात आहे, तेही बव्हंशी त्याच काळातील आहे. त्यांच्या नातीने, आशा शर्मा यांनी, लिहिलेले 'अ‍ॅन अमेरिकन इन खादी' हे चरित्र १९९९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा माहितीच्या अभावाची सबबही आता उरलेली नाही.

सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स यांचा जन्म १६ ऑगस्ट १८८२ रोजी फिलाडेल्फियातील एका सुखवस्तू क्वेकर कुटुंबात झाला. वडिलांचा लिफ्ट बनविण्याचा भरभराटीचा व्यवसाय होता आणि मुलाने तो पुढे चालवावा ही अपेक्षा स्वाभाविकच होती. सिमल्याच्या पायथ्याशी सबाथू येथे कुष्ठाश्रम चालविणारे डॉ. कार्ल्टन अमेरिकेत आले असता त्यांच्या तोंडून तेथील रुग्णांची हकीकत या तरुणाने ऐकली. १९०४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षात, तो कार्ल्टन दांपत्याच्या पाठोपाठ हिंदुस्थानात आला. त्याच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती, धर्मोपदेशकाची दीक्षाही नव्हती.

त्या काळी कुष्ठाश्रमातील काम म्हणजे काय होते, हे आज कल्पनेने समजून घ्यावे लागते. नॉर्वेच्या हॅन्सनने या रोगाचे जंतू १८७३ सालीच शोधले होते, परंतु औषध सापडलेले नव्हते. डॅप्सोनसारखी परिणामकारक औषधे येण्यास १९४० चे दशक उजाडावे लागले. तोवर चालमोगऱ्याच्या तेलाखेरीज वैद्याच्या हाती फारसे काही नव्हते. म्हणजे सेवकाच्या वाट्याला येत होते ते जखमा धुणे, पट्ट्या बदलणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोग्याच्या हातापायांची संवेदना गेलेली. चुलीवर बोट भाजले तरी त्याला कळत नाही, टोचलेला काटा आठवडाभर तसाच राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. बरे होऊन घरी जाणारा रुग्ण दिसत नसताना हे काम रोज करावयाचे. त्यातही १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात डांबण्याचा अधिकार सरकारला दिलेला होता. घरच्यांनी टाकलेला आणि सरकारने उचललेला माणूस, अशा दोन बाजूंनी पारखा झालेला हा जीव होता.

४ एप्रिल १९०५ च्या पहाटे कांगडा खोऱ्यात भीषण भूकंप झाला. सुमारे वीस हजार माणसे प्राणास मुकली. स्टोक्स मदतकार्यास धावले, त्या श्रमांत प्रकृती ढासळली आणि विश्रांतीसाठी त्यांना कोटगढला पाठविण्यात आले. हिंदुस्थान-तिबेट रस्त्यावरचे हे गाव पुढे त्यांचे आयुष्यभराचे घर झाले.

येथपर्यंतची हकीकत अनेक मिशनरी चरित्रांत सापडेल. स्टोक्स वेगळे ठरतात ते यापुढच्या अस्वस्थतेमुळे. गोरा मिशनरी बंगल्यात राहतो, घोड्यावरून हिंडतो, नोकरचाकर बाळगतो आणि क्रूसावर गेलेल्या अकिंचनाची कथा सांगतो. ही विसंगती त्यांना सोसवेना. समोरच्या माणसाला दिसतो तो बंगला, ख्रिस्त दिसतच नाही. संन्याशापुढे मस्तक नमविणाऱ्या या देशात त्यागाच्या आचरणावाचून कोणताही उपदेश पोहोचत नाही, हे त्यांनी ओळखले आणि १९०८ साली इंग्लंडातील मिशनकार्याला वाहिलेल्या एका नियतकालिकात या आशयाचा लेखही लिहिला. लिहून ते थांबले नव्हते. त्याआधीच, १९०६ साली, जवळची चीजवस्तू वाटून टाकून असिसीच्या संत फ्रान्सिसच्या आदर्शाने त्यांनी भिक्षुवस्त्र धारण केले होते. काही काळ कोटगढजवळच्या गुहेत वास्तव्य केले. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या, शीख घराण्यातील सुंदरसिंग या तरुणासमवेत पायी भ्रमंती केली. १९१० मध्ये रेव्हरंड वेस्टर्न यांच्यासह एक भिक्षुसंघही स्थापन झाला.

या साऱ्या त्यागामागे फिलाडेल्फियातील एका प्रेमळ, श्रीमंत आईचा आधार होता हे विसरून चालणार नाही. पुढची अनेक कामे तिच्या पैशावर झाली. ज्याला कधीही परत जाता येते, त्याचे दारिद्र्य आणि गावातल्या हाळ्याचे दारिद्र्य एक नव्हे. स्टोक्स यांच्या ध्यानात ही गोष्ट आली असावी, असे त्यांच्या पुढील वर्तनावरून वाटते.

कारण भिक्षुसंघ फार काळ टिकला नाही आणि १९१२ साली, तिसाव्या वर्षी, स्टोक्स यांनी भगवे जीवन सोडून कोटगढच्याच एका राजपूत ख्रिस्ती कुटुंबातील ॲग्नेस यांच्याशी विवाह केला. त्यांच्या चाहत्यांना हे स्खलन वाटले असल्यास नवल नाही. वस्तुतः त्यागाच्या मार्गावरचे हे त्यांचे सर्वांत धाडसी पाऊल होते. साधूला लोक वंदन करतात; परंतु वंदन करणारा आणि वंदिला जाणारा यांच्यातही अंतर असतेच, आणि ते गोऱ्या-काळ्याच्या अंतराइतकेच हट्टी असते. विवाहाने परतीची वाट बंद झाली. मुले कोटगढची झाली, जमिनीचा सारा भरणे आला, पावसाची वाट पाहणे आले. गावाचे सुख-दुःख यापुढे त्यांना बाहेरून पाहता येणार नव्हते.

बेगारीविरुद्धचा लढा यातूनच उभा राहिला. सिमल्याच्या टेकड्यांतील शेतकऱ्यांवर सरकारी अधिकारी आणि साहेबलोक यांचे सामान वाहून नेण्याची सक्ती होती. पिकाची कापणी तोंडावर असली तरी बोलावणे आले की निघावे लागे, मोबदला नाममात्र किंवा तोही नाही. धर्मादाय वृत्तीचा मिशनरी अशा वेळी थकलेल्या हमालाला पाणी देतो, त्याच्या खांद्याच्या जखमेवर मलम लावतो. स्टोक्स यांनी ओझेच नाकारावयास शिकविले. त्यांनी पत्रके लिहिली, गावोगाव लोकांना संघटित केले, अधिकाऱ्यांशी झगडा मांडला, आणि १९२१ साली कोटगढ परिसरात सरकारला माघार घ्यावी लागली. सबाथूला पट्टी बांधणारा हात येथे पोहोचला होता.

त्यापूर्वी पहिल्या महायुद्धात याच माणसाने ब्रिटिश सैन्यासाठी काम केले होते. जालियनवाला बागेने ती निष्ठा संपविली. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसला ते कोटगढचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित होते. पुढल्या वर्षी सरकारी नोकऱ्या सोडण्याचे आवाहन करणाऱ्या जाहीरनाम्यावर सही करणारे ते एकमेव अभारतीय ठरले, डिसेंबरात वाघा येथे पकडले गेले आणि सहा महिने लाहोरच्या तुरुंगात राहिले. गांधीजींनी 'यंग इंडिया'त या अटकेची आवर्जून दखल घेतली.

मिशनऱ्यांच्या सेवेविषयी हिंदू समाजाची तक्रार जुनी आहे आणि ती निराधार नाही. सेवेच्या ताटात धर्मांतराचा घास ठेवलेला असेल तर ती सेवा उरत नाही, तो व्यवहार होतो. या तक्रारीला स्टोक्स यांच्या आयुष्याचा दाखला अवश्य द्यावा. पण दाखला देणाऱ्याने त्याच आयुष्यातील दुसरा प्रश्नही ऐकून घ्यावयास हवा. सबाथूच्या रोग्यांसाठी फिलाडेल्फियाहून एका पोराला का यावे लागले? ते रोगी कोणाच्या घरचे होते? त्यांना उंबऱ्याबाहेर काढणारे हात कोणाचे होते? पूर्वजन्मीच्या पापाची उपपत्ती सांगून त्यांच्याकडे पाठ फिरविणारा समाज, त्यांना पाणी पाजणाऱ्याच्या हेतूची चौकशी कोणत्या तोंडाने करतो?

या प्रश्नाची उत्तरे मराठी मातीतून मिळाली, पण उशिरा. मनोहर दिवाण यांचे वर्ध्याजवळील दत्तपूर कुष्ठधाम १९३६ चे. त्यानंतर अमरावतीचे तपोवन आणि वरोऱ्याचे आनंदवन. चांपा येथील भारतीय कुष्ठनिवारक संघ १९६२ चा. तो उभारणारे सदाशिवराव कात्रे स्वतः कुष्ठरोगी होते. अमरावती जिल्ह्यातून तेथे गेलेले दामोदर गणेश बापट यांनी २०१९ मधील मृत्यूपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, त्याच रोग्यांत आयुष्य काढले. २०१८ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली तेव्हा महाराष्ट्रातील किती घरांत हे नाव ठाऊक होते, हा प्रश्न न विचारलेलाच बरा. बापट रोग्यांच्या हातचे जेवत, त्यांच्यातच राहत. १९१२ सालच्या स्टोक्स यांना ही भाषा चटकन समजली असती.

१९३२ कडे या क्रमाने पाहिले की त्या घटनेचा विजयोत्सव करण्याची इच्छा ओसरते आणि आदर वाढतो. कोणी वादात हरविले म्हणून स्टोक्स हिंदू झाले नाहीत. अनंतकाळच्या नरकवासाची कल्पना त्यांच्या मनाला पटत नव्हती. उपनिषदे आणि गीता यांच्या दीर्घ अभ्यासातून त्यांना आपला मार्ग दिसला. येशूविषयीचे प्रेम त्यांनी टाकले नाही, आणि टाकावे असा आग्रह कोणी धरलाही नाही. सॅम्युअल सत्यानंद झाले, ॲग्नेस प्रियादेवी झाल्या. १९३७ साली ठाणेदार येथे त्यांनी परमज्योती मंदिर बांधले. तेथील लाकडावर उपनिषदांतील आणि गीतेतील वचने कोरलेली आहेत. अल्पवयात गेलेल्या तारा या मुलाच्या नावाने गावातील मुलांसाठी शाळा तर त्याआधीच निघाली होती.

१४ मे १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. १९२६ साली त्यांच्या बागेतील पहिले पीक बाजारात गेले होते. त्यानंतर शेजारच्या शेतकऱ्यांनीही त्यांच्याकडून रोपे नेली. ज्या हिंदुस्थान-तिबेट रस्त्याने कोटगढची माणसे साहेबांचे सामान फुकट वाहत असत, त्याच रस्त्याने ती आता आपल्या मालाच्या पेट्या सिमल्याला नेऊ लागली.