बागेच्या जागेचा हिशेब

मुंबईच्या कोटातील हॉर्निमन सर्कलच्या बागेकडे माण-हिंजवडीच्या मंडळींनी एकवार व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावे, अशी आमची विनंती आहे. तेथील झाडांची शोभा आम्हांस वर्णावयाची नाही. त्या जागेचा हिशेब तेवढा सांगावयाचा आहे.

पूर्वी ह्या जागेस ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणत. एका अंगास १७१८ सालचे सेंट थॉमसचे चर्च, दुसऱ्या अंगास १८३३ मध्ये पुरा झालेला टाऊन हॉल, आणि मधल्या मैदानात कापसाच्या गाठी. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्यास गेला. मैदानात नारळाच्या करवंट्यांचे आणि केरकचऱ्याचे ढीग साचू लागले. शहराच्या ऐन मध्यावर उकिरडा! तो उठवून मध्ये बाग आणि भोवती एकसारख्या इमारतींचे कडे करावे, ही कल्पना पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट ह्यांची. (दंगेधोपे आवरणाऱ्या अंमलदारास बाग सुचावी, ह्याचे नवल वाटते.) लॉर्ड एल्फिन्स्टन व त्यांच्यामागून आलेले सर बार्टल फ्रियर ह्या दोघा गव्हर्नरांनी ती उचलून धरली. नगरसंस्थेने सारी जागा विकत घेतली, मधला भाग बागेसाठी राखला आणि भोवतालचे तुकडे पेढ्यांस इमारतींसाठी विकले. ह्या व्यवहारात संस्थेस तोटा न होता चांगला नफाच झाला. १८७२ मध्ये बाग पुरी झाली. आरंभी तिला एल्फिन्स्टनचे नाव होते. स्वातंत्र्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन ह्यांचे मिळाले. त्यांस सरकारने १९१९ साली हद्दपार केले होते. गव्हर्नराच्या जागी वृत्तपत्रकर्त्याचे नाव आले, ह्याचा आम्हांस वाटणारा आनंद आम्ही लपवीत नाही.

बागेस दिलेली जमीन म्हणजे बुडालेला पैसा, असे म्हणणाऱ्यांस ह्याहून सरळ उत्तर आम्हांस सुचत नाही. मधली जागा मोकळी राहणार म्हणूनच कडेची जागा मोलाची ठरली.

आता माणकडे वळू. मुळशी तालुक्यातील ह्या गावाच्या शिवारातून माहिती-तंत्रज्ञान उद्यानाच्या विस्तारासाठी जमीन गेली. माणपासून शिवाजीनगरपर्यंत मेट्रोचा मार्ग आखला गेला. ‘उद्यान’ हा शब्द गावास मिळाला खरा, परंतु त्यात लेकरांनी खेळावे वा थकल्या म्हाताऱ्याने टेकावे, असे काही नाही. शिवार होते तोवर बागेची गरज कोणास भासली नाही, हे आम्ही जाणतो. बांधावरच्या आंब्याखाली बसावयास कोणाची परवानगी लागत नसे. शिवार गेल्यावर मात्र ती सावली मुद्दाम मांडून ठेवावी लागते.

ह्यावर शेतकरी म्हणेल, ‘शेजाऱ्याने बिल्डरास विकून सोने केले, माझ्याच गटावर बागेचे आरक्षण का?’ त्याचे म्हणणे आम्हांस रास्त वाटते. आरक्षण नकाशावर रंगवावयाचे, मोबदला द्यावयाचा नाही आणि धन्यास वर्षानुवर्षे लटकत ठेवावयाचे, ही रीत अन्यायाची आहे. शिवाय ती फळतही नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमान्वये आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर धनी नोटीस देऊ शकतो; त्यापुढील मुदतीतही संपादनाची पावले न पडल्यास आरक्षण गळून पडते. मग धनीही पोळलेला आणि बागही नाही.

म्हणून आमचे मागणे असे : उद्योगांसाठी संपादन झालेल्या जमिनीतून एक सलग, मोठा तुकडा प्रथम बागेकडे वळवावा; खासगी जमीन लागलीच, तर तिचा पुरा मोबदला आरक्षणाबरोबरच ठरवावा. इमारतींमध्ये उरलेल्या कोपऱ्याकापऱ्यांस हिरवा रंग देऊन भागणार नाही. ज्या व्यापाऱ्यांच्या दुकानांचे मोल अशा बागेने वाढेल, त्यांनी ह्या मागणीत पुढे असावे. माणच्या येत्या ग्रामसभेत हा विषय कोणीतरी मांडावा, आणि तो गट क्रमांकासह मांडावा.