अळी शिकली नाही, आपणच तिची निवड केली



दर्यापूर तालुक्यातल्या कोणत्याही पारावर बसा. कपाशीचा विषय निघाला की दोन वाक्ये हटकून ऐकू येतात. एक, "बीटीतला दम गेला." दुसरे, "अळीला विषाची सवय झाली." दोन्ही वाक्ये संतापातून आलेली आहेत आणि तो संताप खरा आहे. २०१७ च्या हंगामात ज्याने वरून हिरवेगार दिसणारे बोंड फोडून आत गुलाबी अळी आणि कवडी झालेला कापूस पाहिला, त्याला कोणी शहाणपण शिकवायला जाऊ नये. पण निदान चुकले की औषध चुकते. ही दोन्ही वाक्ये अर्धवट आहेत आणि या अर्धवटपणाची किंमत आपण दरवर्षी फवारणीच्या पंपातून मोजतो आहोत.

बीटी कपाशीच्या झाडात विष आजही तयार होते. बदलली ती अळी. आणि तीही सवयीने बदलली नाही, वंशाने बदलली. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपल्या मायबहिणी खळ्यावर ज्वारीची बिजवाई कशी राखत आल्या ते आठवा. शेकडो कणसांतून भरदार, टपोऱ्या दाण्याचे, न किडलेले कणीस बाजूला काढायचे, जपून ठेवायचे आणि मृगात तेच पेरायचे. त्या कणसाला टपोरे होण्याचे शिक्षण कोणी दिले नव्हते. हजारात एक तसे होतेच. बाईने ते हेरले आणि त्याचा वंश चालवला. आपल्या साऱ्या गावरानी जाती अशाच निवडीतून घडल्या. डार्विनने १८५९ साली सजीवांच्या उत्क्रांतीचे पुस्तक छापले, त्याची सुरुवातही शेतकरी आणि पशुपालक करतात त्या निवडीपासूनच केली. निसर्गही हेच करतो, एवढेच त्याचे म्हणणे होते.

आता विषाकडे पाहा. विष म्हणजे चाळणी. लाखो अळ्यांत एखादीच्या अंगात ते विष पचवण्याचा गुण जन्मजात असतो. बाकीच्या मरतात, ती वाचते. तिला पोरे होतात, त्यांतली काही तिच्यासारखी. पुढची पिढी पुन्हा चाळणीतून जाते. महिना-सव्वा महिन्यात गुलाबी बोंडअळीची एक पिढी होते. एका हंगामात चार-पाच पिढ्या. माणसाला जे बदल व्हायला शतक लागेल ते अळी काही वर्षांत उरकते. आपल्या बाईने ज्वारीची बिजवाई राखली, आपल्या वावराने अळीची बिजवाई राखली. फरक इतकाच की पहिली निवड जाणून केली होती, दुसरी नकळत झाली.

हे वऱ्हाडात पहिल्यांदा घडलेले नाही. १९८० च्या दशकात सायपरमेथ्रीन, फेनव्हलरेट आले तेव्हा पहिली काही वर्षे अमेरिकन बोंडअळी पटापट मेली. मग १९८७-८८ मध्ये आंध्रात गुंटूर-प्रकाशमकडे ती फवारणीला दाद देईना, आणि पुढे नव्वदच्या दशकात आपणही औषधात औषध मिसळून पाहिले. चाळणी तीच होती, फक्त डब्यातली.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला मान्यता मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक झाडात घातलेले, त्याच्या विषाचे नाव क्राय-१-एसी. २००६ मध्ये क्राय-२-एबी हे दुसरे विष जोडून बोलगार्ड-२ आले. फवारण्या कमी झाल्या, उत्पादन वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. काही वर्षांतच देशातली नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी झाली. पण मार्च २०१० मध्ये मोन्सॅन्टो कंपनीने स्वतःच जाहीर केले की गुजरातेत अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या विषाला दाद देत नाही. मग दोन विषांच्या बियाण्यात तिच्यापुरते एकच विष उरले. पाच-सात वर्षांत तेही तिने ओलांडले आणि २०१७ मध्ये आपले बोंड पोखरले. एक एक पायरी चढायला मिळाली तर जिना कोणीही चढतो. दोन्ही विषे पहिल्यापासून एकत्र असती तर दोन्ही पचवणारी अळी सापडणे फार दुर्मिळ होते.

इथे एक प्रश्न विचारला पाहिजे. त्याच वावरात, त्याच बीटीवर अमेरिकन बोंडअळीही होती. ती पूर्वीसारखी का उठली नाही? उत्तर आपल्या पीकपद्धतीत आहे. अमेरिकन अळी तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, ज्वारीच्या कणसावरही जगते. तिथे बीटीचे विष नाही. तिथल्या नाजूक अळ्या जगतात, त्यांचे पतंग होतात आणि बीटीवर वाचलेल्या पतंगांशी त्यांची सोयरीक होते. गुलाबी अळीचे तसे नाही. तिचा संसार कपाशीवरच. १८४३ साली तिचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले तेही आपल्या देशातल्या, भडोचच्या कपाशीवर. कपाशी सगळी बीटी, म्हणजे नाजूक अळीला जगायला जागाच नाही.

ही सोयरीक इतकी महत्त्वाची का? प्रत्येक अळीला प्रत्येक गुणाची दोन जनुके मिळतात, एक आईचे, एक बापाचे. बीटीचे विष पचवण्याचा गुण दबका आहे: दोन्हीकडून आला तरच अळी पूर्ण वाचते. वाचलेल्या पतंगाचे लग्न नाजूक पतंगाशी लागले तर पोरांत एकच जनुक येते आणि ती पोरे बीटीवर मरतात. वाचलेल्याचे लग्न वाचलेल्याशीच लागले तर सगळी पोरे वाचणारी. मेंडेलने १८६६ मध्ये वाटाण्याच्या झाडांवरून मांडलेला वंशाचा हिशेब हाच आहे. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. ज्यांनी अशा संकरिताचे घरचे बी पुन्हा पेरले त्यांना एक धांडा उंच, एक बुटका दिसला. त्यांनी हा हिशेब पुस्तकाविना पाहिला आहे.

म्हणूनच पाकिटात ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम बिगर बीटी बी येत होते. वावराभोवती पाच तास किंवा वीस टक्के क्षेत्र, यांतले जे जास्त तेवढे पेरायचे होते. नाजूक पतंग तयार करण्याची ती जागा होती. आपण ती पुडी धुऱ्यावर फेकली. का फेकली, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. तीन एकरवाल्याने पाचवा हिस्सा अळीला खायला घालायचा आणि त्याचा फायदा साऱ्या शिवाराला, हा व्यवहार कोणी एकट्याने का करावा? त्याची भरपाई कोणी दिली नाही. ते बी उगवेल का, वेळेवर फुलेल का, याची हमी कोणी दिली नाही. आणि हे सारे कशासाठी, हे बांधावर येऊन कोणी सांगितले नाही. "धुऱ्यावर तूर आहे, तीच आपली रेफ्युजी" असे म्हणणाऱ्याला तर गुलाबी अळी तुरीकडे ढुंकूनही पाहत नाही, एवढेही कोणी सांगितले नाही.

दुसरी गोम संकरित बियाण्यात आहे. आपली बीटी कपाशी संकरित, म्हणजे विषाचे जनुक एकाच पालकाकडून आलेले. तिच्या बोंडातल्या सरक्या वाटण्या होऊन येतात: काहींत दोन्ही विषे, काहींत एक, थोड्यांत एकही नाही. गुलाबी अळी बोंडाच्या आत राहून सरकीच खाते. तिला कधी पूर्ण मात्रा मिळते, कधी अर्धी. अर्ध्या मात्रेत एकच जनुक असलेली अळीही निभावून जाते आणि मेंडेलचा हिशेब आपल्याविरुद्ध फिरतो. त्यात भर लांबलेल्या हंगामाची. मृगात पेरलेली कपाशी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी, पाणी असेल तिथे फरदड मार्च-एप्रिलपर्यंत. तेवढ्या पिढ्या जास्त, तेवढ्या चाळण्या जास्त.

बाहेर काय झाले? अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून बिगर बीटीचे तास पाळले आणि दहा वर्षे अळीला बदलू दिले नाही. २००६ पासून वांझ केलेले पतंग विमानातून सोडले आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने गुलाबी अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी बीटी आणि बिगर बीटीच्या संकराचे दुसऱ्या पिढीचे बी पेरले. त्यात चौथा हिस्सा झाडे आपोआप बिगर बीटी निघाली. वाढू लागलेली प्रतिकारशक्ती मागे आली. तिथे पूर्ण झाड बिनविषाचे होते, म्हणून नाजूक अळीला घर मिळाले. आपल्याकडे एकाच बोंडात सरमिसळ झाली, म्हणून चिवट अळीला फावले.

मग करायचे काय? आपल्या हातातले आधी.

पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी खारे, म्हणून आपण कायम रडलो. पण या एका बाबतीत कोरडवाहूपण आपल्या बाजूचे आहे: फरदड घेण्याचा मोह आपल्याला कमी. कपाशी डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीच्या सुरुवातीला उपटली की सुप्तावस्थेतल्या अळीचे घर मोडते. पऱ्हाटीचे भारे वाळक्या बोंडांसकट धुऱ्यावर किंवा घरामागे उन्हाळाभर ठेवू नका. बोंडे झोडून नष्ट करा. फुलोऱ्यापासून कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ पतंग आले तरच फवारणीचा विचार करा. डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा. एकच औषध पुन्हा पुन्हा मारू नका, ती नवी चाळणी आहे. आणि हे एकट्याने करून भागणार नाही. पतंगाला धुरा कळत नाही. एका शेतकऱ्याने उपटले आणि शेजाऱ्याने ठेवले तर दोघांचे गेले.

दुसरी गोष्ट भावाची. भाव पडला की कापूस उन्हाळ्यापर्यंत घरात राहतो, त्यात अळी राहते आणि पहिल्या पावसाला पतंग बाहेर पडतो. वेळेवर रास्त भाव हा कीड नियंत्रणाचाही उपाय आहे, हे खरेदी केंद्र उशिरा उघडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

तिसरी गोष्ट बियाण्याची. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची कापूस संशोधन संस्था यांच्याकडे आपली मागणी लवकर येणाऱ्या सरळ वाणांची आहे. सरळ बीटी वाणात बोंडातली प्रत्येक सरकी सारखी आणि बिजवाई घरची राखता येते. नागपूरने रजत, सूरज या वाणांत पहिल्या विषाचे जनुक घातले. ते अमेरिकन अळीवर चालेल, गुलाबीवर नाही, हे सांगूनच बी द्यावे. एकेए-७, एकेए-८ यांसारख्या गावरानी वाणांच्या आखूड धाग्याला बाजार मिळवून द्यावा. बिगर बीटी बी पाकिटातच मिसळून द्यावे आणि ते खरोखर उगवणारे असावे.

उद्या नवे जनुक येईल, तणनाशकाला न जुमानणारी कपाशी येईल. ते तंत्र शेतकऱ्याला मिळालेच पाहिजे. पण निवडीचा नियम अळीला लागू आहे तसाच तणालाही लागू आहे. तो कोणत्या सरकारने केला नाही आणि कोणत्या कंपनीला मोडता येत नाही.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एवढे ठरवून यावे: आमच्या शिवारातली शेवटची पऱ्हाटी कोणत्या तारखेला उपटणार. ती तारीख गावाने बांधावर लिहून लावावी. बाकीच्या मागण्या आपण सरकारकडे एकत्र नेऊ.