किल्ली तिच्याही हातात द्या

पुण्यात कर्वे रस्त्यावर परवा एक मोटार झेब्रा पट्ट्यांपाशी थांबली. एक आजोबा काठी टेकत रस्ता ओलांडत होते. मागचा दुचाकीवाला हॉर्नवरचा अंगठा काढायला तयार नव्हता. शेवटी बाजूने घुसून पुढे जाताना त्याने काचेतून आत डोकावले आणि म्हणाला, "वाटलंच, बाई असणार!" पादचाऱ्याला वाट द्यावी हा नियम आहे. तो पाळला म्हणून बाईला गाडी येत नाही असे ठरले.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. रस्त्यावर पुरुष चालकच जास्त, त्यामुळे नुसत्या आकड्यांवरून तुलना करता येत नाही, हे मान्य. पण सुसाट जाणे, डावीकडून ओव्हरटेक मारणे, पिवळा दिवा दिसताच वेग वाढवणे याला आपण 'हात साफ आहे' म्हणतो आणि अंतर राखून चालवणारीला घाबरट म्हणतो. हे मला घातक वाटते, कारण अठराव्या वर्षी लायसन्स काढणारा मुलगा हीच शाबासकी ऐकत मोठा झालेला असतो.

मोटारीवर अनेक जणींचा हात बसलेला नसतो, हेही खरे आहे. चढावर गाडी मागे येते, पार्किंगला घाम फुटतो. पण हात बसणार कधी? लायसन्स कपाटात असते आणि नवरा-बायको निघाले की स्टिअरिंगवर नवराच बसतो. एखाद्या दिवशी तिची पाळी आलीच, तर सीट त्याच्या उंचीची, आरसे त्याच्या मापाचे. ती सीट पुढे ओढते, आरसा वळवते, तोवर शेजारून सुरू होते : "क्लच सोड! अगं, ब्रेक! दे इकडे, मी घेतो." असे दोनदा झाले की ती स्वतःच किल्ली पुढे करते आणि घरात ठरून जाते की हिला जमत नाही.

हीच बाई स्कूटरवर बघा. पुढे दप्तर, मागे मूल, हँडलला भाजीची पिशवी आणि लक्ष्मी रस्त्याची गर्दी. तिथे कोणी तिला शिकवायला जात नाही. कायनेटिकने १९७२ मध्ये लुना आणली तेव्हापासून या शहरातल्या बायकांच्या हाती दुचाकीची किल्ली आहे. रोज चालवली, म्हणून हात बसला. रेल्वेतही हेच. साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेत आल्या त्या सहायक चालक म्हणून. वर्षानुवर्षे गाड्या हाकल्या आणि मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन आल्या, तीही भोर घाटातून.

स्कार्फ घट्ट बांधून हेल्मेट डिकीत ठेवणाऱ्या मैत्रिणींशी माझे भांडण आहेच, त्यावर पुढच्या आठवड्यात. आज विनंती घरातल्या पुरुषांना. रविवारी पहाटे रस्ता मोकळा असतो, तेव्हा तिला चालवू द्या. महिनाभराने घाटही चढू द्या. तुम्ही शेजारी बसा, पट्टा लावा आणि तिने विचारल्याशिवाय बोलू नका.