कुत्र्याला जागा नाही, म्हणजे कोणाला नाही?

भाड्याच्या खोलीत कुत्र्या-मांजराला राहू देतात की नाही, हा काय स्त्री-चळवळीने हाती घ्यायचा प्रश्न आहे? आमच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा दोघीतिघी हसल्या. त्यांच्यात मीही होते. आज हसू येत नाही, म्हणून लिहिते आहे.

दोडामार्ग तालुका गोव्याच्या हद्दीला खेटून आहे. सिंधुदुर्ग जिल्हा मुंबई विद्यापीठाखाली येतो खरा, पण मुंबई आमच्यापासून पाचशे किलोमीटर, आणि पणजी दीड-दोन तासांवर. त्यामुळे नोकरीला गोवा, मोठं दुखणं आलं की बांबोळीचं इस्पितळ, आणि पुढं शिकायचं तर ताळगावच्या पठारावरचं गोवा विद्यापीठ.

तालुक्यातल्या एका मुलीला तिथं प्रवेश मिळाला. वसतिगृहात ती एकटी राहू शकली असती, पण आईला घरी ठेवून जायला ती तयार नव्हती. बाप दारू पिऊन मारायचा. एकदा कुत्रा मध्ये पडला, तर त्याचा पाय दांडक्यानं मोडला. आई चार घरी स्वयंपाकाची कामं करील, मुलगी शिकेल, असं दोघींनी ठरवलं. आईची अट एकच होती : "तेका थंय सोडून मी येवचंय नाय."

म्हापशाला ओळखीच्या बाईकडे तात्पुरता आसरा घेऊन खोलीचा शोध सुरू झाला. ताळगाव, सांताक्रूझ, बांबोळी. पहिला प्रश्न कुत्र्याचा नसायचाच. "घरात दादलो कोण ना?" नवरा कुठं असतो? रात्री परत किती वाजता? येणार-जाणार कोण? एवढी उलटतपासणी झाल्यावर मग कुत्रा. अनामत जास्त देऊ म्हटलं, तरी नकार. कुत्र्याचं निमित्त बरं सापडायचं. 'एकट्या बायका नकोत' असं तोंडावर म्हणावं लागत नाही.

तीन आठवड्यांनी आई कुत्र्याला घेऊन परत गेली. मुलगी वसतिगृहात आहे, रोज रात्री घरी फोन लावते. कुत्र्यापायी बाई मारकुट्या नवऱ्याकडे गेली, असं लोक म्हणाले. मी म्हणते, खोली मिळाली नाही म्हणून गेली.

आमच्याकडे कुत्रा-मांजर ही हौस नसते. मांजर उंदरांसाठी, कुत्रा खळ्यात राखणीला. २००२ पासून या तालुक्यात रानहत्तींचा वावर आहे. रात्री कुत्रा भुंकला की घर जागं होतं. आणि ज्या घरात माणसाचीच भीती, तिथं बाईच्या बाजूनं उभं राहणारं ते एकटंच असतं. मारणाऱ्यालाही हे कळतं. जनावरावर हात टाकला की बाई नमते.

गायी-शेळ्यांमुळे घर न सोडणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तरीही आपल्या सल्ला केंद्रांत आपण काय विचारतो? मुलं किती, दागिने कोणाकडे, रेशनकार्ड कोणाच्या नावावर. 'जनावरांचं काय करणार?' असं आपण विचारत नाही. आपल्या आधारगृहांतही त्यांची सोय नसते.

कायदा कुठवर येतो? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. जनावराचा उल्लेख त्यात नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला ठराव करून पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानंही २०२१ साली अशी बंदी बेकायदा ठरवली. पण हे सगळं सोसायटीपुरतं. खोलीचा मालकच 'नाही' म्हणाला, तर भाडेकरूच्या हाती काही उरत नाही.

घरमालकिणीची बाजूही ऐकली पाहिजे. पुष्कळदा तीही वयस्क, एकटी, त्या एका खोलीच्या भाड्यावर जगणारी बाई असते. कुत्रा चावला तर शेजारी तिलाच बोलतात. वर्ष संपलं की विद्यार्थी निघून जातात आणि त्यांनी लाडानं पाळलेलं मांजर तिच्या दारात राहतं. ही तक्रार खरी आहे. तेव्हा लेखी करार करा. लस टोचल्याचं कार्ड, नसबंदी, सफाई, नुकसानभरपाई आणि जाताना जनावर सोबत नेण्याची हमी, सगळं त्यात लिहा. एवढं मागण्याचा तिला हक्क आहे. 'दादलो कोण ना' हे विचारून दार लावण्याचा मात्र नाही.

मैत्रिणींनो, काही गोष्टी आपल्याला लगेच करता येतील. केंद्राच्या अर्जात जनावरांचा एक रकाना घालू. बाईचा जम बसेपर्यंत तिचा कुत्रा, तिची शेळी चार-सहा आठवडे सांभाळतील अशी घरं गावोगाव शोधू. आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या संघटना मिळून, एकटीला आणि तिच्या जनावरालाही खोली देणाऱ्या घरमालकिणींची यादी करू.

१९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. नवऱ्यावाचून राहणाऱ्या बाईचं जगणं हा चळवळीचा प्रश्न आहे, हे आपण तेव्हापासून म्हणतो आहोत. ती बाई येताना कोणाला सोबत आणील, हे ठरवणं तिच्याकडेच राहू द्या. नाहीतर ती येणारच नाही. आमची नाही आली.