दाबून दुखणारी छाती आणि आपले उत्तरदायित्व

मुळशी तालुक्यातील रिहे खोऱ्यात भातलावणीचे दिवस म्हणजे तासन्‌तास ओणवे राहण्याचे आणि झोडणीनंतरचे दिवस पोती उचलण्याचे. अशा श्रमांनंतर किंवा रेंगाळलेल्या खोकल्यानंतर उरोस्थीच्या कडेला बोचरी वेदना होऊ लागली की रुग्ण प्रथम गाठतो तो गावचा वैद्य किंवा औषधाचे दुकान. म्हणूनच पर्शुकांच्या कूर्चांचा दाह, अर्थात अर्वाचीन वैद्यकातील ‘कॉस्टोकॉन्ड्रायटिस’, याविषयी विचार होणे अगत्याचे वाटते.

हा विकार स्वतः घातक नाही. बहुधा दुसऱ्या ते पाचव्या पर्शुकेच्या कूर्चासंधींत वेदना असते. दीर्घ श्वास, खोकला, कूस बदलणे यांनी ती वाढते आणि बोटाने दाबताच रुग्ण ‘इथेच’ म्हणतो. सूज नसते. सूज आढळल्यास जर्मन शल्यविद टिट्झ यांनी १९२१ मध्ये वर्णिलेल्या व्याधीचा विचार करावा. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पार्श्वशूल व हृच्छूल यांचे वर्णन पृथक्‌ आहे. तेव्हा असा भेद करण्याची शिस्त आपल्याला नवी नाही.

तथापि ‘दाबल्यावर दुखते, म्हणजे हृदय निर्दोष’ हा निष्कर्ष काढला जातो, तो तर्कदुष्ट आहे. हृद्रोग्याची छातीही दाबल्यास दुखू शकते. एक व्याधी सापडली म्हणून दुसरी नाही, असे सिद्ध होत नाही. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात हृदयविकाराची लक्षणे पुष्कळदा अस्पष्ट असतात. भारतीयांस तो तुलनेने कमी वयात जडतो. म्हणून पस्तिशी ओलांडलेल्या, अथवा मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांचा इतिहास असलेल्या रुग्णाचा ईसीजी झाल्याखेरीज ‘वाताचे दुखणे’ असा शिक्का मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक ईसीजी निर्दोष आला तरी शंका उरल्यास रुग्ण पुढे पाठवावाच. घाम, धाप, भोवळ, हातात वा जबड्यात जाणारी कळ असेल, तर २०१४ पासून राज्यात उपलब्ध असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी.

तपासणीसाठी गावाबाहेर जायचे तर रुग्णाचा दिवसाचा रोज बुडतो, ही अडचण खरी आहे. परंतु बुडालेला रोज भरून निघतो. गेलेला कर्ता माणूस परत येत नाही.

हृदय व फुप्फुस निर्दोष ठरल्यावर मात्र चिकित्सा सोपी आहे. वेदना वाढविणारे श्रम काही काळ टाळणे, हलका स्नेहाभ्यंग, कोमट शेक, वातशामक आहारविहार आणि पुढे छाती व खांदे मोकळे करणारे सौम्य व्यायाम पुरेसे होतात. चरकसंहितेच्या स्वेदाध्यायात हृदयस्थानी स्वेद मृदु द्यावा किंवा देऊच नये, असे सांगितले आहे, त्याचे विस्मरण नको. बरे होण्यास काही आठवडे, क्वचित काही महिने लागतात, हे रुग्णास आरंभीच सांगावे. त्याची भीती जाणे हाही उपचारच आहे.

औषधविक्रेत्या बंधूंस एक विनंती. छातीत दुखते म्हणून लेप, गुग्गुळकल्प, वेदनाशामक किंवा पित्ताची गोळी मागणाऱ्यास ती देण्यापूर्वी वय, मधुमेह, घाम आणि धाप यांविषयी विचारावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास वैद्यांच्या सल्ल्याशिवाय काहीच देऊ नये. वेदना शमली की रुग्ण तपासणी टाळतो आणि धोका तसाच राहतो.

आयुर्वेदाची प्रतिष्ठा रुग्ण आपल्याकडेच ठेवण्यात नाही. कोणता रुग्ण, केव्हा पुढे पाठवावा, हे ओळखण्यात आहे. संघटनेने हा नियम लेखी स्वरूपात प्रत्येक चिकित्सालयात व दुकानात लावावा, अशी माझी सूचना आहे.